विमलाबाई प्रचाराला निघाल्या

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये विमलाबाई उन्हवणे शिलाई मशीनवर बसायच्या. एरवी तिथं शाळांचे गणवेश शिवले जायचे. निवडणूक लागली की गणवेशाचं कापड बाजूला सरकायचं आणि झेंड्यांचे तागे यायचे, सगळ्याच पक्षांचे. सकाळी एका रंगाची उपरणी, दुपारी दुसऱ्या रंगाच्या पताका. शेडमधल्या बायका त्यावरून एकमेकींची चेष्टा करायच्या, कोण निवडून येणार यावर पैजा लावायच्या. विमलाबाईंशी मात्र त्या दिवसांत कुणी थट्टा करत नसे. त्या मान खाली घालून काठ मुडपत, गठ्ठा बाजूला ठेवत आणि पुढचा ओढून घेत. कापड ते कापड, असं त्यांनी मनाला बजावून ठेवलं होतं.

त्यांचा मुलगा संघर्ष अशाच पताका बांधताना गेला होता.

त्याला नऊ वर्षं होत आली होती. महापालिकेची मागची निवडणूक होती ती. त्यानंतर इतकी वर्षं निवडणूकच झाली नाही. संघर्ष तेव्हा विशीत होता. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स करून सातपूरला एका ठेकेदाराकडं लागला होता. ते राहत त्या सुजातानगरातली सगळी पोरं एका मोठ्या पक्षाच्या प्रचाराला जात होती म्हणून तोही जायचा. त्या दिवशी मागच्या गल्लीत या गच्चीवरून त्या गच्चीवर पताकांची माळ ओढायची होती. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता आणि वरून जाणारी विजेची तार खाली लोंबत होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

उमेदवार येऊन भेटून गेला. फोटो निघाले. मतमोजणी झाली आणि मग त्या दाराशी कुणी आलं नाही. पण सावळीरामांच्या, म्हणजे विमलाबाईंच्या नवऱ्याच्या, काळजात जे रुतून बसलं ते वेगळंच होतं. त्याच्या मृत्यूनंतर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, वंदना संपून माणसं उठत असताना, मागं कुणीतरी हळूच म्हणालं होतं, "वायरमन होता ना? मग त्याला कळायला नको?"

सावळीरामांनी मागं वळून पाहिलं नाही. एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला तो माणूस. तिथून पुढं त्यांनी घराचं दार जवळजवळ बंदच करून टाकलं. कुणी भेटायला आलं की ते उंबऱ्यातच उभे राहून सांगायचे, "तिला बरं नाही, झोपलीय." आत विमलाबाई जाग्या असायच्या. सुरुवातीला त्यांना ते बरंच वाटलं. पुढं माणसं यायचीच बंद झाली. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी संघर्षचा एक पासपोर्ट फोटो मोठा करून लावला होता, नोकरीच्या अर्जासाठी काढलेला, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्यासमोर नवरा-बायको जेवायचे, टीव्ही बघायचे, पण त्याच्याविषयी बोलायचे नाहीत. लोकसभा, विधानसभा झाल्या. सावळीराम मतदानाला गेले नाहीत.

यंदा निवडणूक लागली, तेव्हा डिसेंबरच्या थंडीत एके सकाळी दाराच्या फटीतून एक पत्रक आत आलं. विमलाबाई केर काढत होत्या. पत्रक केराबरोबर सुपलीत गेलंही असतं, पण वरची ओळ मोठ्या अक्षरात होती: सुजातानगरावरून जाणाऱ्या विजेच्या तारा जमिनीखालून नेणार. खाली नाव होतं अ‍ॅडव्होकेट चैताली केदारे, अपक्ष, निशाणी कपबशी.

चैतालीला त्या ओळखत होत्या. ती संघर्षच्याच वर्गातली. कामगार कोर्टात वकिली करायची आणि दोन-तीन वर्षं त्या तारांसाठी अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होती, हे विमलाबाईंच्या कानावर होतं. त्यांनी पत्रक झटकलं, घडी करून डब्यांमागं ठेवलं. दोन दिवस त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शेडवरून सुटल्यावर घरी न जाता त्या चौकात गेल्या.

चैतालीचं प्रचार कार्यालय म्हणजे तिच्या काकांचं बंद पडलेलं सायकलचं दुकान. अर्ध्या वर केलेल्या शटरखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पत्रकांचे गठ्ठे, चहाचा थर्मास. प्रचाराची सगळी जुळवाजुळव राकेश नावाचा तरुण बघत होता. आधी त्यानं दोन पक्षांचं काम केलेलं होतं, त्यामुळं त्यातलं त्याला बरंच समजत होतं.

"मला काही काम आहे का इथं?" विमलाबाईंनी विचारलं.

राकेशनं त्यांच्याकडं पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, खांद्याला कापडी पिशवी, साडीला चिकटलेले दोऱ्याचे तुकडे. "चहापाण्याचं बघाल का काकू? दिवसभर माणसं येतात."

"चहा मी घरी करते. बाहेरचं काम असेल तर द्या."

आतून चैताली उठून आली. विमलाबाईंना बघून ती क्षणभर जागच्या जागी थांबली. मग "जय भीम काकू" म्हणाली आणि खुर्ची पुढं केली. का आलात, असं तिनं विचारलं नाही. विमलाबाईंनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी दारोदार जाऊ लागल्या. घरोघरी मतदाराच्या नावाच्या चिठ्ठ्या पोचवायच्या आणि कपबशीला मत मागायचं, एवढंच काम. पण पहिल्या दाराशी त्यांची जीभ उचलेना. आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. हात जोडून उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी आणलीय." आतल्या बाईनं चिठ्ठी घेतली. "कुणाची?" असं विचारल्यावर त्यांना चैतालीचं नावच आठवेना. "आपली ती... कपबशी," म्हणाल्या. ती बाई हसली, विमलाबाईंनाही हसू आलं, आणि दार बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परक्या माणसासमोर आपण कितीतरी दिवसांनी हसलो.

हळूहळू जमायला लागलं. एका प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून मशीनवर चार मतं द्यायची होती. म्हाताऱ्या माणसांना ते उलगडत नव्हतं. विमलाबाई आपला डावा पंजा पुढं धरायच्या, अंगठा मुडपायच्या आणि उरलेली बोटं एकेक दाबून दाखवायच्या. "चारही दाबायची. एक दाबून निघून आलात तर काम अर्धवट राहतं. त्यातलं एक आमच्या चैतालीला द्या, बाकीची तुमची तुम्ही ठरवा." राकेशनं हे ऐकलं आणि म्हणाला, "काकू, तुम्ही तर शिकवणी घेताय." पण मग त्यानं बाकीच्या बायकांनाही तसंच सांगायला सांगितलं.

पण खरी गोष्ट घडत होती ती वेगळीच. चिठ्ठी हातात घेऊन माणसं विमलाबाईंच्या तोंडाकडं निरखून बघायची. "तुम्ही संघर्षच्या आई ना?"

"हो."

आणि मग दारातल्या माणसाला काहीतरी आठवायचं. एका घरातली बाई म्हणाली, "आमच्या पोरीच्या बारशाला त्यानं दिव्यांच्या माळा लावून दिल्या होत्या. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही, घाईत होता." एका रिक्षावाल्यानं सांगितलं, शाळेत असताना संघर्ष त्याच्याशी कसा भांडला आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन शेजारी येऊन कसा बसला. कुणाचा पंखा, कुणाच्या नळावरची मोटर. विमलाबाई ऐकून घ्यायच्या. आपल्या पोटच्या पोराच्या या गोष्टी गल्ल्यागल्ल्यांतून पडून होत्या आणि आपण दार लावून बसलो होतो, असं त्यांच्या मनात यायचं. घरी आल्यावर त्या यातलं काही बोलायच्या नाहीत. सावळीराम विचारायचे, "आज उशीर?" त्या म्हणायच्या, "शेडवर काम वाढलंय." हे खोटं त्यांना टोचायचं.

एका घरी एक बाई डोळे पुसत म्हणाली, "संघर्षसाठी देऊ हो तुमच्या बाईला मत."

विमलाबाई पायरी उतरल्या होत्या. त्या परत वर आल्या. "त्याच्यासाठी नको," त्या म्हणाल्या. "तारा खाली जायला पाहिजेत असं वाटत असेल तर द्या."

आपण असं का बोललो ते त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नसतं. ते कळायची वेळ पुढच्याच दिवशी आली.

राकेशनं त्यांना कार्यालयात बसवून घेतलं. रविवारी चौकात सभा होती. "काकू, दोनच मिनिटं बोलायचं. माझा मुलगा त्या तारेनं गेला, दुसऱ्या कुणाचा जाऊ नये, एवढंच. मागं संघर्षदादाचा मोठा फोटो लावू. बाकी काही नको. बघा, अख्खा प्रभाग हलेल."

चैताली समोरच बसली होती. विमलाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. ती काहीतरी बोलेल असं त्यांना वाटत होतं. चैतालीनं हातातला पेन टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "तुमच्यावर आहे, काकू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी विमलाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. शेडवरून आपण रोज कुठं जातो तेही. सावळीराम ताटात तांदूळ निवडत होते. ते रागावतील असं त्यांना वाटलं होतं. ते खडे वेचत राहिले.

"एकदा त्या पक्षवाल्यांनी चढवला त्याला गच्चीवर," ते म्हणाले. "आता तुम्ही चढवा."

"मी कुठं चढवतेय त्याला?"

"फोटो कुठं बांधणार? खांबालाच ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी राकेशला सांगितलं, मी बोलणार नाही आणि फोटोही नको. तो "ठीक आहे" म्हणाला. वाद घातला नाही.

रविवारी सकाळी त्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन चौकात आल्या तर बॅनर वर चढत होता. एका खांबाला शिडी टेकलेली, तिच्यावर राकेश, तोंडात सुतळी धरलेली. बॅनरवर संघर्षचा चेहरा माणसाच्या उंचीएवढा. त्याच्याखाली लिहिलं होतं, संघर्षचं बलिदान व्यर्थ जाऊ देणार नाही. फोटोत तो हसत होता. कुणाच्या तरी हळदीतला असावा, गालाला हळद लागलेली, बाजूला दुसऱ्याच्या खांद्याचा तुकडा. विमलाबाईंनी हा फोटो कधी पाहिलेला नव्हता. पोराला असं हसताना त्यांनी शेवटचं कधी पाहिलं तेही त्यांना आठवेना.

मग त्यांचं लक्ष शिडीच्या टोकाकडं गेलं.

"राकेश, खाली उतर आधी," त्या म्हणाल्या. "तार जवळ आहे."

तो उतरला. त्यांनी आरडाओरडा केला असता तर त्यानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती, पण त्या हळू बोलत होत्या.

"आता तो काढ."

"काकू, ऐका ना. सकाळपासून लोक थांबून बघताहेत. चैतालीताई निवडून आल्या तर तारेचं काम होणार आहे. दादालाही हेच आवडलं असतं."

"त्यानं बलिदान दिलं नाही," विमलाबाई म्हणाल्या. "तो पताका बांधायला गेला होता. संध्याकाळी घरी येणार होता. मी भाकरी करून ठेवली होती."

तेवढ्यात चैताली आली. तिनं बॅनर पाहिला, विमलाबाईंचा चेहरा पाहिला, आणि कुणाला काही न विचारता खालच्या बाजूची सुतळी सोडायला लागली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी तोडली. बॅनर खाली आला तसा तिनं तो चेहरा आतल्या बाजूला घेऊन गुंडाळला.

"त्या दिवशीच मी नाही म्हणायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मला मतं दिसली, काकू."

विमलाबाईंनी मान हलवली. माफ केलं की नाही, ते त्यांनाच माहीत नव्हतं. जाताना त्या राकेशला म्हणाल्या, "तो फोटो माझ्या मोबाइलवर पाठव."

पुढचे दोन दिवस त्या प्रचाराला गेल्या नाहीत. शेडवरून सरळ घरी यायच्या. फोटो मोबाइलवर आला होता. त्या मोरीत जाऊन तो बघायच्या आणि मोबाइल पदरात गुंडाळून बाहेर यायच्या. एकदा वाटलं, सोडून द्यावं हे सगळं. पण पिशवीत काही चिठ्ठ्या उरल्या होत्या. ज्यांच्या नावाच्या होत्या त्या माणसांना त्या मिळाल्या नसत्या, तर ती केंद्रावर जाऊन नाव शोधत उभी राहिली असती. त्या चिठ्ठ्या पोचवायला म्हणून त्या परत कार्यालयात गेल्या, तेव्हा कळलं की मागच्या गल्लीत, जिथं संघर्ष गेला तिथं, अजून कुणीच गेलेलं नाही. ती गल्ली त्यांच्याकडं द्यायची नाही, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं.

"ती मी घेते," त्या म्हणाल्या.

चैताली म्हणाली, "मी येऊ बरोबर?"

"नको."

त्या गल्लीत त्यांनी नऊ वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं. बाजारातून येताना त्या मुद्दाम वळसा घालायच्या. गल्ली तशीच होती. रांगेनं घरं, वर एकेक मजला चढवलेला, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या. आणि तार. एका घराच्या गच्चीजवळ ती इतकी खाली आली होती की वर बघत चालणाऱ्या विमलाबाईंनी नकळत डोकं खाली घेतलं.

त्याच घराच्या दारात अंबूबाई बसल्या होत्या. आयुष्यभर पंचवटीच्या बाजारात फुलं विकलेली म्हातारी. गुडघे गेल्यापासून घरीच असायची. विमलाबाईंनी चिठ्ठी पुढं केली. अंबूबाईंनी ती घेतली नाही. त्यांनी विमलाबाईंचा हातच धरला.

"बस बाई," त्या म्हणाल्या. "लय वाट पाहिली तुझी."

विमलाबाई पायरीवर बसल्या.

"दोनदा आले व्हते तुझ्याकडं. तुझ्या मालकानं दारातनंच लावून दिलं. त्यांचंबी बरोबर व्हतं, त्या दिसांत कुणाचं तोंड बघू वाटतं? मंग पाय गेले. तुला सांगायचं ते राहूनच गेलं."

"काय सांगायचं होतं?"

"त्या दिवशी तुझा पोरगा माझ्या गच्चीवर आला. ऊन व्हतं. मावशी पाणी द्या म्हणला. मी तांब्याभर दिलं, उभ्यानं प्यायला. आन् मला म्हणतो कसा, मावशी, ही तार लय खाली आलीय, तुम्ही इथं कपडे वाळत घालता, वल्या हातानं जवळ जात जाऊ नका. मी वीज कचेरीत सांगतो उद्या. उद्या म्हणला." अंबूबाई थांबल्या. "मी तांब्या ठेवायला खाली आले आन् आवाज झाला. पाइप हातातनं निसटला का वारा सुटला, ते मला नाय सांगता यायचं. पण त्याला ठावं व्हतं, बाई. लोक कायबी बोलले. येडा नव्हता तो. मलाच जप म्हणून सांगत व्हता."

विमलाबाईंनी अंबूबाईंच्या मांडीवर डोकं टेकलं. प्रेत दारात आलं तेव्हा रडल्या होत्या, त्यानंतर अशा त्या रडल्या नव्हत्या. गल्लीतून माणसं जात-येत होती. अंबूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि कुणी थांबलं तर मानेनंच त्याला पुढं जायला सांगत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी सावळीरामांना शब्दन्‌शब्द सांगितलं. ते खाटेवर बसून होते. भिंतीवरच्या फोटोकडं त्यांनी पाहिलं नाही, बायकोकडंही नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या घरचे कपडे अजून तिथंच वाळत घालतात?"

"हो. अंबूबाईंची नातसून घालते आता, त्याच दोरीवर."

सकाळी उठून विमलाबाई बघतात तर सावळीरामांनी माळ्यावरून हत्यारांची पिशवी काढली होती. फिटरचे पान्हे, हातोडी, छिन्नी, एक जुनं ड्रिल मशीन. "चल," ते म्हणाले.

अंबूबाईंच्या घरी ते पहिल्यांदा अवघडून उभे राहिले. अंबूबाईंनी मागचं काही काढलं नाही. नातसुनेला हाक मारून गच्चीचं दार उघडायला सांगितलं. वर गेल्यावर सावळीराम कठड्यापासून लांब उभे राहिले आणि म्हणाले, "कुठं उभा होता तो?" विमलाबाईंनाही ते माहीत नव्हतं. नातसून तेव्हा या घरात आलेलीच नव्हती. शेवटी अंबूबाईंनी खालून, अंगणातूनच, हाताची खूण करून जागा दाखवली. सावळीराम तिथं बघत राहिले. साधी सिमेंटची गच्ची होती, कोपऱ्यात कुंडीत वाळलेली तुळस.

मग त्यांनी काम सुरू केलं. तारेच्या बाजूचे, कपड्यांची दोरी अडकवायचे जुने आकडे काढून टाकले. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या भिंतीत नवी भोकं पाडली, आकडे बसवले, दोरी ताणून बांधली आणि लोंबकळून पाहिली. नातसुनेला म्हणाले, "आता कपडे फक्त इथं. त्या बाजूला मुलांनाही जाऊ देऊ नको." खाली येऊन चहा प्यायले. अंबूबाईंनी त्यांना विचारलं, गोड चालतं का, आणि संक्रांतीसाठी केलेले तिळाचे लाडू पुढं केले. त्यांनी एक घेतला. परतीच्या वाटेवर, चौक ओलांडताना, ते एवढंच म्हणाले, "उद्या सांगतो म्हणाला होता तो. कचेरीत."

"हो," विमलाबाई म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी विमलाबाई पहाटेच अंघोळ करून पांढरी साडी नेसून निघाल्या. केंद्रापासून लांब, ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर, चैतालीचं टेबल होतं. त्या दिवसभर तिथं उन्हात बसल्या. लोकांना खोली कुठली ते सांगत होत्या, चार बोटं दाखवत होत्या. सावळीराम मतदानाला आले नाहीत. विमलाबाईंनी त्यांना विचारलंही नाही. दुपारी ते डबा देऊन गेले आणि बायकोनं जेवण संपवेपर्यंत झाडाखाली उभे राहिले.

चैताली पडली. दुसऱ्या नंबरवर आली, पण पुढचा उमेदवार बराच पुढं होता. निकालानंतर गुलाल उधळत मिरवणूक चौकातून गेली तेव्हा सायकलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. राकेश खुर्च्या मोजून टेंपोत भरत होता. चैताली आत एकटी बसली होती. विमलाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "उद्यापासून एकेक गल्ली करू."

"आता कसल्या गल्ल्या, काकू? झालं ना सगळं."

"मतं मागायला गेलो होतो. ज्यांनी दिली त्यांना सांगायला नको, मिळाली म्हणून?"

चैताली त्यांच्याकडं बघत राहिली. हरलेला उमेदवार दारोदार आभार मानायला जातो, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. विमलाबाईंना मात्र त्यात वावगं काही वाटत नव्हतं. प्रचार केलेली ही त्यांची पहिलीच निवडणूक होती, आणि घेतल्याची पोच द्यावी एवढंच त्यांना ठाऊक होतं. दोघी गेल्या. लोकांनी दारं उघडली, आधी बुचकळ्यात पडले, मग आत बोलावलं. कुणी तिळगूळ दिला. ज्यांनी मत दिलं नव्हतं ते ओशाळून म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." दोन-तीन घरांत विमलाबाईंनी मोबाइल काढून तो हळदीतला फोटो दाखवला. "हा तुम्ही सांगत होता ना, तोच." माणसं फोटो हातात घेऊन बघायची आणि पुन्हा काहीतरी आठवून सांगायची.

फेब्रुवारीत विमलाबाई अंबूबाईंच्या गल्लीतल्या बायकांना घेऊन चैतालीला हरवून निवडून आलेल्या नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात गेल्या. चैतालीही आली होती, पण विमलाबाईंनी तिला मागं बसायला सांगितलं. रांग होती. नंबर आल्यावर त्या उभ्या राहिल्या. समोर हार घातलेला माणूस, आजूबाजूला त्याची माणसं.

"मी तुम्हाला मत दिलं नाही," विमलाबाई म्हणाल्या. "तुमच्या विरोधात चैतालीचा प्रचार केला."

नगरसेवक हसले. "काकू, निवडणूक संपली आता."

"हो. तार तशीच आहे."

त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. तार कुठून कुठं जाते, कुठल्या गच्चीजवळ हात पोचेल इतकी खाली आलीय, पावसाळ्यात तिथं काय होईल, एवढंच सांगितलं. मागच्या बायका मध्येमध्ये बोलायला लागल्या, तेव्हा त्या खाली बसल्या. नगरसेवकांनी तिथूनच वीज कार्यालयातल्या अभियंत्याला फोन लावला.

आठवड्याभरात माणसं मोजमाप घेऊन गेली. सगळ्या तारा जमिनीखालून न्यायचं काम मोठं होतं. त्याला निधी लागतो, मंजुरी लागते, असं ऐकवण्यात आलं. पण मार्चमध्ये मागच्या गल्लीत एक जादा खांब आला आणि अंबूबाईंच्या गच्चीवरची तार उचलली गेली. बाकीच्या गल्ल्यांत ती अजून लोंबतेच आहे. विमलाबाई महिन्यातून एकदा, शेडला सुट्टी असते त्या दिवशी, वीज कार्यालयात जाऊन चौकशी करतात. आता सावळीरामही बरोबर जातात. तिथं ते फारसं बोलत नाहीत. बाकावर बसतात आणि बायकोचं बोलणं होईपर्यंत तिची पिशवी सांभाळतात.